उज्ज्वलाबाईंचं गेट

राजुरीत उज्ज्वलाबाईंच्या घराला कंपाउंडची भिंत होती, पण गेट नव्हतं. रोज संध्याकाळी गेटच्या जागी बाभळीच्या फांद्या ओढून लावायच्या. तीस वर्षं आयटीआयत वेल्डिंग शिकवणाऱ्या बाईच्या दारात काटे, म्हणून गावाला चेष्टेला आयता विषय. बिबट्यानं शेजारचं कुत्रं उचललं तेव्हा नवरा सोपान म्हणाला, "आता तरी गेट करून घे. नारायणगावपर्यंत वेल्डिंगच्या दर दुकानात तू शिकवलेलाच पोरगा बसलाय."

"म्हणून तर नको," बाई म्हणाल्या.

स्वतः करावं तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी ठिणगीकडे बघायची बंदी केलेली. आणि पोरांवर भरवसा ठेवायचा, तर बाईंचा हात आपोआप कपाळाला जायचा.

नोकरीला लागल्या तेव्हा पालक वर्कशॉपच्या दारात येऊन त्यांनाच विचारायचे, "सर कुठायत?" अंगात ॲप्रन, हातात रॉडचा चिमटा, तरी विचारायचे. त्या रागाची पुढे सवय झाली. रंगाची मात्र कधीच झाली नाही. पोरं दोन पट्ट्या कशातरी चिकटवायची, वरून ग्राइंडर मारायची आणि निळा रंग फासून जॉब तपासायला आणायची. बाई हातोडीचा एक टोला द्यायच्या की रंगासकट सांधा उघडा पडायचा. "आधी मला सांधा दाखवायचा, मग रंग," हे दर बॅचला सांगून घसा कोरडा पडला. पोरं "व्हय मॅडम" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी तसाच चकचकीत जॉब टेबलावर. मढ गावचा भरत तर यात सगळ्यांचा म्होरक्या. बाईंनी त्याला इतक्या वेळा जॉब परत करायला लावला, की तो शिकायला आलाय की भांडायला, हेच त्यांना कळेना.

पुढं पुढं त्यांना कुणाच्या वास्तुशांतीला नेणंही अवघड झालं. प्रसाद घ्यायच्या आधी खिडकीच्या ग्रिलवर नख ओढायच्या. "आमच्याच पोराचं काम दिसतंय," एवढंच म्हणायच्या, पण अशा सुरात की यजमानाचा घास घशात अडकावा. सोपाननं त्यांच्याबरोबर जाणंच सोडलं.

निवृत्तीच्या समारंभात एका पाहुण्यानं भाषण ठोकलं, की मॅडमनी लोखंड नाही, मनं जोडली. बाई शाल सावरत पुटपुटल्या, "दोन पट्ट्या धड जोडल्या असत्या तरी पुरे होतं." त्या दिवशी घरी येताना त्यांना खरंच वाईट वाटत होतं. एवढी पोरं हाताखालून गेली आणि आपल्या दाराचं गेट करायला सांगावं असा एकही नाही, मग आपण एवढी वर्षं केलं तरी काय?

पुढच्या रविवारी सकाळी दारात पिकअप उभी राहिली. भरत आणि बाईंचे आणखी दोन जुने विद्यार्थी त्यातून बाईंनी न सांगताच केलेलं भलंमोठं गेट उतरवत होते. ओट्यावरूनच बाईंना त्याचा निळा रंग दिसला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातली हातोडी घेऊनच त्या बाहेर आल्या.

"रंगवून आणलंस? माझ्या दारात?"

"मॅडम, आधी जवळ तर या," भरत म्हणाला.

बाईंनी चष्मा लावला. गज निळे होते, पट्ट्या निळ्या होत्या, पण सांधे सगळे कोरे. प्रत्येक सांध्याच्या अलीकडं-पलीकडं बोटभर जागा सोडून रंग थांबवलेला.

"तुमी बघितल्याबिगर सांध्याला रंग कसा लावायचा?" भरत म्हणाला. "रंगाचा डबा गाडीत हाय."

बाईंना रडू आलं आणि रडू आलं याचाही राग आला. त्या एकेक सांधा ठोकून बघू लागल्या. सोपाननं आणलेला चहा तसाच गार झाला. खालच्या बिजागरीपाशी हातोडी थांबली.

"हा कुणी केला?"

"मीच," भरत खाली बघत म्हणाला.

"परत कर."

"मला वाटलंच व्हतं," तो म्हणाला आणि गाडीकडं गेला. वेल्डिंग मशीन, केबल, रॉड सगळं त्यानं येतानाच भरून आणलं होतं.

भरतनं वेल्डिंगची काळी काच चेहऱ्यापुढं धरली. विद्यार्थ्याचा रॉड चालू असताना बाईंनी कधी नजर हलवली नव्हती. आज त्यांनी पाठ फिरवली आणि पिकअपमधला रंगाचा डबा काढून त्याचं झाकण उघडायला घेतलं.