जमली नाही, पुन्हा कर

"गेला म्हणजे? कुठे गेला?" असं मी माझ्या नवऱ्याला फोनवर विचारलं होतं. अगदी असंच. बुधवारी सकाळी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते, सतीशचे फोनवर फोन यायला लागले म्हणून बाहेर आले, आणि तो म्हणाला, "मेधा, श्रीरंग गेला." मला वाटलं, याकिमाला गेला असेल. डोंगरापलीकडे हॉप्सची, म्हणजे बीअरला कडूपणा देणाऱ्या फुलांची, शेतं आहेत, तिथे तो असा न सांगता जायचाच आणि गाडीभर हिरवा वास घेऊन परत यायचा. सतीश म्हणाला, "वॉकला निघाला होता. बूट घालायला जिन्याच्या पायरीवर बसला, तो उठलाच नाही." चोपन्न वर्षांचा माणूस. ना बीपी, ना शुगर. रविवारी मी त्याच्या गॅरेजमध्ये उभी राहून त्याच्याशी भांडले होते! एका बुटाची लेस बांधलेली होती आणि दुसरी सुटी, हे त्याच्या बायकोनं, वैजयंतीनं, मला नंतर सांगितलं. का कोण जाणे, मला अजूनही सगळ्यात जास्त राग त्या सुट्या लेसचाच येतो. अरे, निदान बांधून तरी जायचंस...

आमची ओळख भांडणातूनच झाली. इकडे परदेशात आल्यावर बॉथेलला आम्ही दोघं एकाच कंपनीत लागलो. तो कोल्हापूरचा, मी पुण्याची, त्यामुळे पहिल्या दिवसापासून एकमेकांना टोमणे मारायला विषय कमी पडला नाही. तो प्रोग्रॅम लिहायचा आणि मी टेस्टर. म्हणजे त्यानं करायचं आणि मी चुका काढून परत पाठवायचं. माझी एकच ठरलेली ओळ होती, "जमलं नाही, पुन्हा कर." बाकीचे लोक यावर चिडायचे, मॅनेजरकडे जायचे. श्रीरंग खुर्ची फिरवून हसायचा आणि म्हणायचा, "बाई, कुठे जमलं नाही तेवढं सांग ना यार." आणि खरंच पुन्हा करायचा. पुढे कंपन्या बदलल्या, घरं झाली, त्याची मुलगी ईरा कॉलेजला गेली, पण हा उद्योग काही थांबला नाही. फक्त प्रोग्रॅमच्या जागी बीअर आली.

बीअरचं खूळ त्याच्या डोक्यात कुठून शिरलं देव जाणे. एका नाताळात वैजयंतीनं हौसेनं त्याला घरी बीअर करायचा छोटा संच दिला आणि पुढे जन्मभर त्या एका भेटीला शिव्या घातल्या, कारण गॅरेजमधली तिची गाडी कायमची रस्त्यावर आली. आत पातेली, नळ्या, काचेचे बुधले, आणि फळीवर जवाची पोती. मोड आणून वाळवलेला जव, तोच कमी-जास्त भाजलेला. कुठला बिस्किटासारखा लागायचा, कुठला थेट कॉफीसारखा. प्रत्येक पोत्यातून चिमूटभर काढून तो आम्हाला चघळायला लावायचा. "आधी माल चाखायचा, मग बीअर ठरवायची. लोक उलटं करतात," हे त्याचं तत्त्वज्ञान. आणि स्वच्छता? बापरे! एकदा भांडी-नळ्या धुऊन निर्जंतुक केल्या की कुणी हात लावायची सोय नव्हती. त्याला तो 'सोवळं' म्हणायचा. मी चुकून झाकणाला बोट लावलं की ओरडायचा, "शिवलीस! शिवलीस! परत धू आता!" देवघरात अंघोळ न करता शिरणारा हा माणूस, बीअर मात्र कडक सोवळ्यात करायचा.

आता गंमत अशी, की मला बीअर आवडत नाही. मुळीच नाही. कडू लागते, आणि कडू गोष्ट पैसे देऊन का प्यायची हे मला आजतागायत कळलेलं नाही. हे ऐकून तो बाकीच्या चाहत्यांना सोडून माझ्याच मागे लागला. "तुझ्या घशाखाली पूर्ण ग्लास उतरेल अशी बीअर मी करणार," तो म्हणाला, "आणि ज्या दिवशी तू ग्लास संपवशील ना, त्या दिवशी मी हे दुकान बंद करीन. वैजूची गाडी आत." वैजयंती तिथल्या तिथे म्हणाली, "मेधा, संपव गं बाई, डोळे मिटून संपव!" पण मी कशाला खोटं बोलू? गव्हाची हलकी बीअर केली, तीत धणे आणि संत्र्याची साल घातली. मी म्हटलं, आमटी निवली की असं लागतं. काळीभोर स्टाउट केली. मी म्हटलं, तवा धुतलेलं पाणी. हॉप्सचा मारा केलेली ती आयपीए, जिच्यावर इथली मंडळी जीव टाकतात, तिला मी कडुलिंबाचा काढा म्हटलं. आमसुलं घालून आंबट बीअर केली तेव्हा मात्र अर्ध्यापर्यंत पोचले. अर्ध्यावर थांबले आणि नेहमीसारखा ग्लास डाव्या हाताला धरला. तिथे त्याचं स्टूल असायचं. तो उरलेली बीअर स्वतः संपवायचा, ओठ पुसायचा आणि माझ्या तोंडाकडे बघायचा. मी म्हणायची, "जमली नाही, पुन्हा कर." की लगेच स्वारी पुढच्या बेताला लागली.

त्याच्या शेवटच्या महिन्यात एकदा त्याचा फोन आला. "मेधा, नाचणीला मोड आणायला किती भिजवायची गं?" मी म्हटलं, म्हातारा झालास, आता सत्त्व पिणार का? तो म्हणाला, "चौकशा नकोत, प्रोसेस सांग." मी सांगितली. फडक्यात घट्ट बांध, पाणी शिंपडत राहा, मोड आले की सावलीत वाळव, मग मंद आचेवर भाज. त्या शेवटच्या रविवारी गेले तर बुधल्यात काहीतरी तांबूस आंबायला ठेवलेलं. मी वाकून बघायला लागले तर त्यानं वर टॉवेल टाकला. म्हणाला, "रिलीज व्हायच्या आधी टेस्टिंग नाही." यावरून आम्ही भांडलो. इतक्या फालतू गोष्टीवरून, इतक्या मजेत.

बुधवारी त्यांचं घर माणसांनी भरलं. आणखी खुर्च्या हव्यात म्हणून कुणीतरी गॅरेजचं दार उघडलं आणि त्या शांततेत आवाज आला... बुळुक. थोड्या वेळानं पुन्हा, बुळुक. बुधल्याच्या बुचात एक वाकडी नळी असते, तीत घोटभर पाणी. आत यीस्ट साखर खातं, त्याचा वायू त्या पाण्यातून बुडबुडा होऊन बाहेर पडतो. मला हे सगळं ठाऊक होतं, तरी मी दारातच थबकले. माणूस आत चादरीखाली निजलाय आणि त्यानं लावलेलं काम इकडे चालूच आहे! वैजयंती कानांवर हात ठेवून ओरडली, "बंद करा ते! कुणीतरी फेकून द्या!" तिची आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली होती. त्याही म्हणाल्या, "फेकायलाच हवं. माणूस गेलेल्या घरातलं शिजलेलं अन्न ठेवत नाहीत, भरलेलं पाणीसुद्धा ओतून देतात." स्वयंपाकघरातला भात, आमटी, पाण्याचे जग, सगळं त्यांनी केव्हाच रिकामं केलं होतं. सतीश आणि आणखी एक जण बुधला उचलायला वाकले.

माझं डोकंच फिरलं. मी मध्ये जाऊन उभी राहिले. "काकू, लोणचं टाकलंत का?" मी विचारलं. असं विचारायची ती वेळ नव्हती, पण माझं तोंड कधी वेळ बघत नाही. काकू म्हणाल्या, "लोणचं कशाला टाकतील? ते मुरत असतं." "मग हेही मुरतंय. याला हात लावायचा नाही." सगळे माझ्याकडे वेड लागल्यासारखं बघत होते. वैजयंती तर माझ्याशी भांडायच्याही पलीकडे गेली होती. काकू हळूहळू चालत बुधल्यापाशी आल्या, टॉवेल बाजूला करून वाकल्या. जन्मात दारूच्या थेंबाला न शिवलेली बाई. बुळुक झालं तशा दचकल्या. "हा आवाज कशानं येतो गं?" मी म्हटलं, "आत यीस्ट आहे काकू. जिवंत असतं ते." "श्रीरंगनं घातलेलं?" "हो, रविवारी." काकू पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मग मारू नका रे. आज एक झालं तेवढं पुरे आहे." आणि टॉवेल पुन्हा नीट पांघरून आत गेल्या.

पुढे काय झालं, तर जी वैजयंती कानांवर हात ठेवत होती, तीच गॅरेजमध्ये त्याच्या स्टुलावर जाऊन बसायला लागली. भेटायला आलेले लोक हॉलमध्ये आणि ही तिकडे. मी डबा घेऊन गेले की मलाही शेजारी बसवायची. बुळुक व्हायचं, आम्ही एकमेकींकडे बघायचो. बुडबुड्यांमधलं अंतर वाढत चाललंय, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. एका सकाळी तिचा फोन आला. "मेधा... थांबलं गं." एवढंच बोलली आणि जी रडायला लागली... इतके दिवस ती अशी रडलीच नव्हती. मी लॅपटॉप उघडा टाकून तशीच गाडी काढली.

तेरावं झाल्यावर मी आणि ईरा बाटल्या भरायला बसलो. मला सगळं येतं असा माझा समज होता. इतकी वर्षं बाजूला उभं राहून नावं ठेवली म्हणजे येतं असं वाटतं आपल्याला. बाटल्या धुतल्या, नळ्या धुतल्या, थोडी साखर पाण्यात उकळून घातली, म्हणजे बंद बाटलीत फेस धरतो. मी नळीचं टोक धरायला गेले तर ईरा कडाडली, "मावशी! डोन्ट टच! शिवलीस!" तिच्या मराठीत एरवी चार शब्द धड नसतात. हा मात्र थेट बापाच्या चालीवर आला. आम्ही दोघी तशाच थिजलो. मग ती म्हणाली, "सॉरी... आय डोन्ट नो व्हेअर दॅट केम फ्रॉम." मी म्हटलं, मला माहितेय, आण ते पाणी, परत धुवू या.

बाटल्या मुरायला ठेवल्या आणि गेल्या शनिवारी पहिली उघडली. सतीश, ईरा, वैजयंती, काकू खुर्चीवर, आणि मी माझ्या जागी. रंग तांबूस, फेस पांढरा आणि दाट. मी घोट घेतला आणि लगेच दुसरा घेतला. कडूपणा जवळपास नाहीच. भाजलेल्या नाचणीची चव, मागे किंचित आंबट आणि अगदी शेवटी जिरं. आंबील! लहानपणी मी तापात दुसरं काही घ्यायची नाही, तेव्हा आई नाचणीची आंबील वाटीनं पाजायची, हे मी त्याला कधी सांगितलं होतं, कुठल्या ट्रॅफिकमध्ये, मला आठवतसुद्धा नाही. यानं ते ठेवलं होतं. माझ्याकडूनच कृती काढून घेऊन माझ्यासाठीच केली, आणि मी त्याला म्हातारा म्हटलं.

मी प्यायले. बीअर मी प्यायले, आणि मला ती आवडली, हे मी इथे लेखी सांगते. अर्ध्यावर आले आणि हात आपोआप डावीकडे गेला. तिथे स्टूल होतं. ग्लास मी तसाच धरून राहिले, कुणी घेईना. ईरा हळूच म्हणाली, "मावशी, फिनिश इट. ही वॉन्टेड यू टू." वैजयंतीही बघत होती. तीच, जी इतकी वर्षं म्हणत आली होती, संपव गं बाई. तिची गाडी अजून बाहेर रस्त्यावरच होती.

दोन घोटांचं काम होतं. पण संपवली असती तर दुकान बंद, असं ठरलं होतं ना आमचं...

मी अर्धा ग्लास त्या स्टुलावर ठेवला. वैजयंतीनं माझा हात घट्ट धरला होता. मी घसा साफ केला आणि रोजच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "श्रीरंग, जमली नाही. पुन्हा कर."