पळीभर पाणी, मग फडकं

आमच्या घरी देवांच्या आधी बाबांच्या चष्म्याची आंघोळ होते. मी शिकवते त्या शाळेतल्या मुलांना हे सांगितलं तर थाप वाटेल, पण चिखलीतल्या आमच्या गल्लीला ते चांगलं माहीत आहे. माझे बाबा भिक्षुकी करतात. पूजा, वास्तुशांत, मुंज, जे येईल ते. धोतर, उपरणं, कपाळाला गंध आणि डोळ्यांवर हा भला मोठा काळा चष्मा, अशा थाटात ते माझ्या स्कूटीवर मागे बसून निघाले की पोरं "ओ, हिरो गुरुजी!" म्हणून ओरडतात. बाबाही मानेला झटका देऊन ऐट दाखवतात.

चष्मा हौसेचा मात्र नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत गेला आणि बाबांनी कुणाला कळू दिलं नाही. मंत्र तोंडपाठ, हात सवयीचे. पळी कुठे, दर्भ कुठे, सगळं न बघता हाताला लागायचं. मग एका लग्नात नवरी त्यांच्या पुढ्यात चक्कर येऊन पडली, आणि बायका ओरडल्या तेव्हा कुठे त्यांना कळलं. त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. आईला म्हणाले, "मंत्र मले पाठ आहेत, पण माणसं दिसत नाहीत. असं लग्न लावणं बरं नाही. आता मी लग्न घेत नाही."

आणि खरंच बंद केलं. लोक दारातून परत जायचे. लग्न लावण्याइतकं दुसरं काहीही न आवडणारा हा माणूस वैशाखात दूरचा बँड ऐकत, पुढ्यात पंचांग उघडून नुसता बसून राहायचा. मला ते बघवत नव्हतं.

शेवटी मीच भांडून त्यांना खामगावला नेलं. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. डॉक्टरांनी बजावलं, ऊन, धूळ आणि धूर यांपासून डोळे जपा, बाहेर पडलात की काळा चष्मा लावा. आता ऊन, धूळ आणि धूर वगळले तर भिक्षुकाच्या कामात बुंदीच्या लाडवांखेरीज उरतं काय? पण बाबांनी निमूट मान हलवली.

पहिल्या चष्म्याची त्यांनी आठवड्यात वाट लावली. चिंचेने तांब्याची भांडी लखलखतात, मग काच का नाही लखलखणार? ताम्हण, पळी, तांब्या घासून झाल्यावर त्याच चोथ्याने त्यांनी चष्माही खसाखसा घासला. काचेवरचा काळा लेप ठिकठिकाणी उडाला. आई म्हणाली, "काऊन हो, आता मलेही घासता काय चिंचेनं?"

दुसरा चष्मा देताना दुकानदाराने रीत समजावून सांगितली, आणि बाबांनी ती गुरुमंत्रासारखी घेतली. आधी पाणी, म्हणजे धूळ वाहून जाते. कोरडंच पुसलं तर तीच धूळ काचेवर ओरखडे काढते. मग भांड्यांच्या पातळ साबणाचा थेंब, तोही बोटांच्या टोकांनी, हलकेच. पुन्हा पाणी. शेवटी मऊ सुती फडक्याने टिपायचं, घासायचं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी बाबा मोरीपाशी बसून पळीने चष्म्यावर पाणी सोडतात. फडकं म्हणजे जुन्या धोतराचा, धुऊन धुऊन लोण्यासारखा झालेला तुकडा. तो वेगळा धुतला जातो, वेगळा वाळतो, आणि कुणी चुकून त्याला हात पुसले तर त्या दिवशी घरात महाभारत होतं. चष्म्याच्या बिजागरीत कुंकू अडकतं, नाकाजवळच्या खाचेत घामाचा थर बसतो. तिथे समईची वात ओली करून फिरवतात. आई पदर खोचून विचारते, "झाला का अभिषेक? नैवेद्य काय दाखवू?" मीही हसते. पण त्या वाकलेल्या मानेकडे पाहून मला फार अभिमान वाटतो. उपरण्याच्या टोकाने वाटेल ते पुसायची जन्माची खोड त्या वयात सोडायची, हे सोपं नाही. मी अजून माझा चष्मा ओढणीलाच पुसते.

एवढं करूनही लग्न घ्यायला मात्र ते धजत नव्हते. मी विचारलं, "आता तर सगळं दिसतं ना?"

"घरी दिसतं," ते म्हणाले. "मांडवात दिसलं पाहिजे."

मग एक दिवस गल्लीतले किराणा दुकानदार आले. त्यांच्या मुलीच्या बारशाला बाबाच होते, आता तिचं लग्न ठरलं होतं. "गुरुजी, दुसऱ्याले सांगायचं माझ्या मनात येऊन नाही राह्यलं," एवढंच बोलून ते बसून राहिले. बाबांनी पंचांग पुढे ओढलं आणि ते हो म्हणाले.

लग्न मेहकरकडे होतं, मोकळ्या लॉनवर, ऐन दुपारचं. मी स्कूटी चालवत होते. वाटेत रस्त्याचं काम चाललेलं, एका डंपरने आम्हाला नखशिखांत पांढरं करून सोडलं. बाबांनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली. "थांब."

"बाबा, मुहूर्त!"

"थांब म्हटलं ना."

बाभळीच्या सावलीत उतरून त्यांनी पिशवीतून पळी काढली, बाटली काढली, साबणाची कुपी काढली, डबीतलं फडकं काढलं. घरच्यासारखं सगळं साग्रसंगीत. जीपमधली माणसं माना वळवून बघत गेली. मी चरफडत घड्याळ बघत होते. त्यांनी काच उजेडाकडे धरून निरखली आणि पुन्हा एकदा धुतली.

"झालं समाधान?" मी फणकारले.

"झालं. चाल."

मांडवात वर पांढरं कापड, त्यातून ऊन नुसतं झिरपत होतं. व्हिडिओवाला म्हणाला, "गुरुजी, गॉगल काढा ना. बरं नाही दिसत." वरपक्षातली माणसं फिदीफिदी हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा शांतपणे म्हणाले, "नवरदेव घोड्यावर गॉगल लावून आला, तो बरा दिसला?" यावर सगळा मांडव हसला, नवरदेवसुद्धा.

मुहूर्ताची वेळ झाली. अंतरपाट धरला, मामाने नवरीला आणून उभं केलं, अक्षता वाटून झाल्या. बाबांनी माइक तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली घेतला.

"पोरी, कोणाले पाहून राह्यली?" त्यांनी हळूच विचारलं.

मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. मला फक्त खाली घातलेली मान आणि मुंडावळ्या दिसत होत्या. तिचे डोळे पुन्हापुन्हा मांडवाच्या मागे जात होते, हे एकट्या बाबांनी टिपलं होतं. ती पुटपुटली, "आमचे बाबा नाहीत इथं."

तिचे बाबा मागे आचाऱ्यांजवळ होते. आमच्याकडे मुलीच्या बापाला मुलीचं लग्न दिसतच नाही. इकडे अक्षता पडतात तेव्हा तो तिकडे जिलेबी पुरेल की नाही ते बघत असतो, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

बाबा माइकवर म्हणाले, "मुलीच्या बापाले बोलवा. तोवर मंगलाष्टक नाही."

कुजबुज सुरू झाली. नवरदेवाचे काका मनगटावरचं घड्याळ पुढे करत आले. "गुरुजी, वेळ निघून जाऊन राह्यली." बाबा जागचे हलले नाहीत.

मुलीचे वडील धावत आले. हाताला बेसन, खांद्यावर टॉवेल, काय चुकलं म्हणून चेहरा उतरलेला. बाबांनी त्यांना दंडाला धरून मुलीशेजारी उभं केलं. "इथून हलायचं नाही." मुलीने वर पाहिलं. तिचा चेहरा बघून त्यांना कळलं की काहीच चुकलेलं नाही, आणि त्यांनी तोंड टॉवेलात खुपसलं.

"मुहूर्त गेला की, गुरुजी," काका म्हणाले.

बाबांनी त्या बापलेकींकडे नीट पाहिलं, अंतरपाटापलीकडे ताटकळलेल्या नवरदेवाकडे पाहिलं, आणि इतक्या दिवसांनी लग्नाच्या मांडवात मोकळे हसले.

"कुठं गेला? हा काय, आत्ता आला," ते म्हणाले, आणि त्यांनी पहिलं मंगलाष्टक सुरू केलं.