शालनआक्का माणसं मोजायच्या

शालनआक्का ड्रायव्हरकडे पाठ करून बसमध्ये उभ्या राहायच्या आणि माणसं मोजायच्या. आकडे मात्र कधी म्हणायच्या नाहीत. पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत एकेका तोंडाकडे बघत जायच्या आणि प्रत्येकाला काहीतरी विचारायच्या. "गुडघा काय म्हणतोय?" "गोळी घेतलासा न्हवं?" "पावणं, काल रुसलेलासा, आज हसा की जरा!" शेवटच्या सीटशी पोचल्या की तिथूनच ओरडायच्या, "समदी हाईत! सोड गाडी!" चहाला थांबलो की हेच, जेवायला थांबलो की हेच. नवे प्रवासी पहिल्या दिवशी वैतागायचे. दुसऱ्या दिवशी आक्का आपल्यापाशी कधी येतात याची वाट बघत बसायचे.

कोल्हापुरातल्या एका सहल कंपनीत आम्ही बारा वर्षं बरोबर होतो. आक्का सहली घेऊन जायच्या, मी ऑफिसात बुकिंग बघायचो. त्यांचा नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, मंगळवार पेठेत दोन खोल्या. अंगाने किरकोळ, आवाज मात्र चौकापलीकडे जाणारा. कशाची किळस आली की नाकाला पदर लावून "शी!" म्हणायच्या. हे "शी" नासक्या भाजीला असायचं, घाणेरड्या धाब्याला असायचं. माणसाला म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. गेल्या वर्षी त्या वारल्या. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्याबद्दलही लिहावं लागणार आहे, आणि ते काही चांगलं नाही.

आमच्या मालकांनी वय झालं म्हणून कंपनी एका मोठ्या शहरातल्या लोकांना विकली. तिथून एक तरुण साहेब आले. 'उद्याचा प्रवास' या विषयावर त्यांनी आम्हाला दोन तास पडद्यावर चित्रं दाखवली. उद्या बसला ड्रायव्हर नसेल. गाईड नसेल, कानातलं यंत्रच प्रत्येकाला त्याच्या भाषेत माहिती सांगेल. मनगटावरच्या पट्ट्यावरून कोण चढलं, कोण उतरलं ते बसला आपोआप कळेल. आणि ज्यांना चालवत नाही त्यांनी घरात खुर्चीवर बसायचं, डोळ्यांना एक जाडजूड चष्मा लावायचा आणि समुद्र बघायचा. तो चष्मा एकेकाने लावून बघितला. आक्कांची पाळी शेवटी आली. त्यांनी अर्धं मिनिट समुद्र बघितला, चष्मा काढला आणि पदराने कपाळ खसाखसा पुसलं.

"शी! ह्यात खरा म्हंजे दुसऱ्याचा घाम तेवढाच हाय."

सगळे हसले. साहेबही हसले, पण त्यांनी ते लक्षात ठेवलं. मला मात्र ते सगळं आवडलं होतं. माझा उत्साह बघून साहेबांनी नव्या यंत्रणेचं काम माझ्याकडे दिलं. हातात टॅबलेट आला आणि मी स्वतःला कोणीतरी समजायला लागलो.

पट्टे घातलेली पहिली सहल कोकणात निघाली. यंत्रणा बघायला म्हणून मीही बसमध्ये होतो. शाहूवाडीमार्गे घाटमाथ्यावरच्या आंबा गावाला पोचलो, चहा झाला. धुकं इतकं होतं की बसमधून टपरी दिसत नव्हती. लोक चढले आणि टॅबलेटवर हिरवी खूण आली : सर्व प्रवासी उपस्थित. आक्का नेहमीसारख्या उभ्या राहून पहिल्या सीटकडे वळल्या.

मी म्हणालो, "आक्का, बसा. सगळे आलेत. मोजायचं नाही असं साहेबांनी सांगितलंय."

"तू बघितलास काय?"

"मशीननं बघितलंय."

माझ्याकडे एकवार बघून त्या बसल्या. घाट उतरून साखरप्याला आलो तेव्हा चढल्या चढल्या डोळा लागलेल्या एक बाई जाग्या होऊन म्हणाल्या, "अहो, माझ्या शेजारच्या काकू कुठायत?" उचगावच्या सावित्रीकाकू बसमध्ये नव्हत्या. पट्टा मात्र होता. टपरीमागे हात धुवायला जाताना भिजेल म्हणून त्यांनी तो काढून शेजारणीच्या पिशवीत ठेवला होता. पिशवी बसमध्ये चढली आणि मशीनने काकू चढल्या असं धरलं.

बस वळवली. पुन्हा घाट चढताना आक्का दारात उभ्या राहून धुक्यात हाका मारत होत्या. आंब्याच्या अलीकडे एका वळणावर काकू सापडल्या. बसच्या मागे चालत निघाल्या होत्या. एका पायात चप्पल नव्हती, साडी चिखलाने माखलेली, हातपाय गार पडलेले. आक्कांना बघून त्या हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, म्हातारी नगं म्हणून मुद्दाम सोडलासा."

आक्कांनी त्यांचे पाय मांडीवर घेतले आणि पदराने पुसले. पुढच्या सगळ्या प्रवासात त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

आठवड्याने साहेबांकडून त्या दिवसाचा अहवाल तयार होऊन आला. 'वयोमानानुसार विस्मरणामुळे प्रवासी भरकटल्या. यंत्रणेत दोष आढळला नाही.' खाली आम्हा दोघांच्या सह्या हव्या होत्या. आक्कांनी वाचला आणि टेबलावर टाकला. मी सही केली. आक्का माझ्या पेनकडे बघत होत्या. नाकाला पदर लावून त्या म्हणाल्या, "शी!" त्याच दिवशी त्यांनी नोकरी सोडली.

महिन्याभराने एका रविवारी त्या माझ्या दारात उभ्या.

"चप्पल घाल. उचगावला जायाचं हाय."

रिक्षात त्यांनी सांगितलं. कंपनीने तो अहवाल काकूंच्या मुलाला पाठवला होता. काकू दर आठवड्याला एष्टीने एकट्या इचलकरंजीला लेकीकडे जायच्या. आता घरच्यांनी ते बंद केलं होतं. आईला भ्रम झालाय, असं सगळ्यांनी धरलं होतं.

आम्ही गेलो तेव्हा काकू बाहेरच्या सोप्यात बसून होत्या. गळ्यात काळ्या दोरीला डबीएवढं यंत्र लोंबत होतं. मुलगा कौतुकाने सांगायला लागला, "गल्ली ओलांडली की माझ्या मोबाईलवर वाजतंय बघा. आता काळजी न्हाय." सून सासूकडे बघून हसत म्हणाली, "आत्या देवळात निघाल्या तरी वाजतंय!" काकू जमिनीकडे बघत होत्या. मला त्या यंत्राची किळस आलीच. पण ते त्यांच्या गळ्यात माझ्या सहीने बांधलं होतं.

आक्का मला म्हणाल्या, "सांग."

मी खाली मान घालून सांगितलं. काकू कुठे भरकटल्या नव्हत्या, बसच त्यांना सोडून निघाली होती. त्या काही विसरल्या नव्हत्या. आक्का मोजायला उठल्या होत्या, मी त्यांना बसवलं. अहवालात लिहिलं ते खोटं होतं आणि सही माझी होती.

मग सावित्रीकाकूंनी मान वर केली.

"जरा मोठ्यांदा सांगा की. माझ्या ल्योकाला नीट ऐकू आलं न्हाय."

मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने, मुलाच्या तोंडाकडे बघत, पहिल्यापासून. सांगून होईपर्यंत काकूंनी ती दोरी डोक्यावरून काढली, मुलाच्या तळहातावर ठेवली आणि लेकीकडे जायची पिशवी शोधायला आत गेल्या.