तिठ्यावरचा मुंजा

मी गाव सोडलं त्या सकाळी आईनं दशम्यांचं गाठोडं हातात दिलं. "बराबर राह्य बाबा. कोणावर इस्वास ठेवू नको." वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, शिवेपर्यंत आले. भोकरदनकडचं आमचं गाव मागं टाकून मी जाफराबादमार्गे वऱ्हाडात गेलो, खामगावला जिनिंगमध्ये लागलो, तिथलाच झालो. रझाकारांच्या भीतीनं निघालो, असं गावात राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनाही आजवर सांगत आलो. ते खोटं आहे.

बिरू माझा मित्र. मेंढरं राखणारं त्याचं कुटुंब गावाबाहेर झोपडी घालून राहायचं. त्याची आई धोंडामाय झाडपाला जाणायची; लेकरू तापलं की बाया तिच्याकडंच धावायच्या. त्या साली, श्रावण लागायच्या आधी, आम्ही दोघांनी आमच्या मळ्यात आखाडाचा बेत केला. भरदुपारी आणि चोरून, कारण दादा माळकरी. मटणाचा वास जरी लागला असता तरी त्यांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

अंडी मी धोंडामायकडून आणली. ती हसली. "माळकऱ्याच्या लेकाला अंडी? खाय बाबा. मी न्हाई कोणाला सांगत."

बिरूनं मटण सुरीनं बारीक तोडलं. मी त्यात येसूर मसाला, लसूण, डाळीचं पीठ मळून दोन मुंडकी वळली आणि पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यात भाजली. उकडलेल्या अंड्याचे डोळे, त्यात लवंगांची बुबुळं, लसणाचे दात, लाल मिरचीची जीभ. हा आमचा मुंजा. बिरू म्हणाला, "आधी त्याचे डोळे खाऊ. खाताना बघून राह्यलाय." हसून हसून पोट दुखलं. एक संपवला. दुसरा मी पत्रावळीवर ठेवून तिठ्यावर नेला. चुलतभाऊ त्या वाटेनं यायचा होता, त्याला घाबरवायचं होतं.

तिठ्यावर लोक उतारा टाकतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. गमतीत सुचलं नाही, इतकंच.

चुलतभावाच्या आधी पाटलांची सून तिथून गेली. ते मुंडकं बघून घाबरली, घरी येऊन पडली, दोन दिवस ताप उतरेना. गावात आधीच कोण कोणाला फितूर, कोण कोणाची खबर देतो, याची कुजबुज चालायची. शेजाऱ्याच्या घरी पाहुणा आला तरी लोक दारात उभं राहून बघत. आता सगळ्यांना करणी करणारा हवा होता. पाटलांनी चावडीवर एकच विचारलं, अंडी कोणाच्या कोंबड्यांची? त्या अंगाला कोंबड्या फक्त धोंडामायच्या. जिच्या हातचा पाला आयुष्यभर प्याले, तेच म्हणू लागले की झाडपाला जाणणारीला बाकीचंही येत असणार.

"कोणाला दिली अंडी, सांग," पाटील म्हणाले.

बिरूनं तोंड उघडलं. धोंडामायनं त्याचा हात दाबला. मग तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. मी दादांच्या शेजारी बसलो होतो, त्यांच्या गळ्यातली माळ माझ्या खांद्याला लागत होती. मी चपलेचा अंगठा बघत राहिलो.

"माझ्याच कोंबडीची हायती," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी त्यांची झोपडी मोडली. शेवटची मेंढरं शिवेपार होईपर्यंत लोक तिठ्यावर उभे होते. मीही होतो. दिवाळीपर्यंत कसाबसा राहिलो. कोणी नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी वाटायचं, याला कळलं. म्हणून निघालो.

पुष्कळ वर्षांनी देऊळगाव राजाच्या बाजारात बिरू भेटला. धोंडामाय गेली होती. तिनं चावडीवर माझं नाव का घेतलं नाही, मी विचारलं. तो मेंढीची दोरी सोडवत होता. "तुला शब्द दिल्ता ना तिनं," म्हणाला आणि मेंढी घेऊन गेला. माझ्याकडं वळून पाहिलं नाही.

परवा नातवाच्या फ्लॅटवर पार्टी होती. त्यानं मोबाईलवर बघून खिम्याचं भूत केलं, अंड्याचे डोळे लावून. मी ताटावरून उठलो. त्याच्या एका मित्रानं विचारलं, आजोबा, तुमचं गाव कोणतं? मी खामगाव सांगितलं. भोकरदनकडचं गाव आपलं म्हणायचं तर चावडीवरचं राहिलेलं उत्तर आधी द्यायला हवं. ते इथं देतो.

अंडी मी नेली होती.