आवाज बसला त्या वर्षी

दिंडोरीच्या अलीकडच्या एका गावातल्या माध्यमिक शाळेत मला नोकरी लागली, तेव्हा शिक्षणसेवक ही भानगड नुकतीच सुरू झाली होती. तीन वर्षं मानधनावर राबायचं आणि मुख्याध्यापकांनी अहवाल चांगला दिला तर कायम व्हायचं. त्या तीन वर्षांत कशालाही नाही म्हणायचं नसतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. शाळेतल्या बाकीच्यांनाही ते चांगलं ठाऊक होतं.

मी पंचवटीत राहायचे आणि निमाणीच्या स्टँडवरून वणीची एसटी धरायचे. आमच्या फाट्यावर ती थांबवायची की नाही, हे कंडक्टरच्या त्या दिवशीच्या मनावर असे. गणित आणि विज्ञान हे माझे विषय, म्हणजे ज्या विषयांना शाळेत दुसरं कुणीच नव्हतं ते. त्यात शिष्यवृत्तीचे जादा तास आले, परिपाठ आला, विज्ञान प्रदर्शन आलं. ‘तरुण आहात, उत्साह आहे,’ असं म्हणत जो तो आपलं काहीतरी माझ्याकडे सरकवायचा, आणि मी ते घ्यायचे.

सगळ्यात वैताग होता तो ऑफ तासांचा. कुणी शिक्षक रजेवर असला की त्याच्या वर्गावर कुणालातरी पाठवावं लागतं. ते काम पर्यवेक्षक सरांकडे होतं. शर्टाच्या खिशात कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन ते शिक्षकांच्या खोलीत यायचे, सगळ्यांवरून नजर फिरवायचे आणि माझ्यासमोर थांबायचे.

“मॅडम, सातवी अ. काही शिकवू नका, नुसतं बसा.”

ज्याने सातवीच्या वर्गात कधी नुसतं बसून पाहिलंय, त्याला त्या वाक्याचा अर्थ कळेल.

माझा स्वतःचा वर्ग आठवी ब. सत्तरच्या आसपास मुलं, पत्र्याचं छप्पर, आणि खिडक्यांच्या पलीकडे तारेचं कुंपण सोडलं तर थेट द्राक्षबाग. जूनमध्ये मला त्याचं कौतुक वाटलं होतं. घरी येऊन आईला सांगितलंही होतं की माझ्या वर्गातून द्राक्षाचे मांडव दिसतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तेव्हा बागेची छाटणी होऊन फुटवे निघाले होते आणि फवारण्या सुरू झाल्या होत्या. ट्रॅक्टरला जोडलेला, औषध उडवणारा ब्लोअर खिडकीच्या कडेकडेने जाऊ लागला की वर्गात मला माझंच बोलणं ऐकू येईना. ट्रॅक्टर लांब जाईपर्यंत थांबावं, तर तो ओळीच्या टोकाला वळून परत यायचा. शिवाय औषधाचा तो उग्र वास. खिडक्या लावल्या तर मुलं घामाने हैराण, उघड्या ठेवल्या तर सगळे खोकताहेत.

मी एकदा मधल्या सुट्टीत कुंपणापाशी जाऊन बागवाल्यांना विनंती केली. चांगले गृहस्थ होते. त्यांनी ट्रॅक्टर बंद केला, तोंडावरचा रुमाल खाली ओढला आणि ऐकून घेतलं.

“मॅडम, तुमचं खरं हाय. पण वेलीवर डावणीचा रोग आला का तो शाळा सुटायची वाट नाय बघत. एक दिवस चुकला तर लय नुकसान होतं.”

त्यांचा स्वतःचा मुलगा आठवी बमध्येच होता. त्याला काही ऐकू येत नाही, असंही मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, “त्याला तसंबी कुठं ऐकू येतं?” आणि ट्रॅक्टर सुरू केला.

मग मी ओरडायला लागले. दिवाळीनंतरचं सगळं गणित मी त्या वर्षी ओरडून शिकवलं. माझा वर्ग झाला की ऑफ तासाला दुसऱ्या वर्गात ओरडायचं, संध्याकाळी शिष्यवृत्तीच्या मुलांसमोर उरलंसुरलं ओरडायचं. आवाज आधी फाटला, मग मधूनच गायब व्हायला लागला. आईने हळदीचं दूध दिलं, ज्येष्ठमध दिला, मिठाच्या गुळण्या तर रोजच्याच. शिक्षकांच्या खोलीत मराठी शिकवणाऱ्या ज्येष्ठ मॅडम होत्या, त्यांची वीसएक वर्षं नोकरी झाली होती. त्या डब्यातली भाजी माझ्या डब्यात वाढत म्हणायच्या, “अगं, पहिलं वर्ष असंच असतं.” हे वाक्य बोलणाऱ्यांचा मला फार राग यायचा. पहिलं वर्ष असंच का असतं, हे कुणी सांगत नव्हतं.

एका सकाळी हजेरी घ्यायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. नुसती हवा. मुलं हसली.

संध्याकाळी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जीभ रुमालाने धरून आरशाने घसा पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “कुठल्या शाळेत?” मी शिक्षिका आहे हे त्यांनी घशावरूनच ओळखलं. स्वरतंतूंवर सूज होती, गाठी धरायला लागल्या होत्या. “आठ-दहा दिवस तोंड पूर्ण बंद. कुजबुजायचंही नाही, त्याने आणखी ताण पडतो. आता ऐकलं नाहीत तर पुढच्या वेळी ऑपरेशनचं बोलू.” आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, “डॉक्टर, हिला रजा लिहून द्या.” त्यांनी लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी तो कागद मी मुख्याध्यापकांसमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

“रजा द्यायला माझी हरकत नाही हो. पण गणित-विज्ञानाला माझ्याकडे दुसरं कोण आहे? स्नेहसंमेलन तोंडावर आलंय. आणि तुम्ही सेवक, तुमच्या रजेचं मला वर कळवावं लागेल, ते उगाच तुमच्याच अंगाशी येईल.” मग त्यांना एकदम तोडगा सुचला आणि चेहरा उजळला. “असं करा, येत चला. बोलू नका. फळ्यावर लिहा.”

मला खूप बोलायचं होतं. पण बोलता येत नव्हतं आणि कागद-पेन काढेपर्यंत ते फोनवर बोलायला लागले होते.

पुढचे दिवस मी मुकी होऊन शाळेत गेले. आवाज माझा गेला होता, पण सगळे माझ्याशी मोठ्याने बोलायला लागले, जणू मला ऐकूच येत नाही. शिपाई मामा चहा देताना हातवारे करायचे. आणि पर्यवेक्षक सर? ते पहिल्याच दिवशी चिठ्ठी घेऊन आले.

“मॅडम, सहावी ब. आता तर तुम्हाला बोलायचंच नाहीये.”

त्या आठवड्यात मला इतर कुठल्याही आठवड्यापेक्षा जास्त ऑफ तास मिळाले.

माझ्या न बोलण्याने आठवी ब शहाणी झाली, असं काही घडलं नाही. पहिला अर्धा तास ती नवलाने गप्प होती, मग बाजार भरला. मी फळ्यावर लिहायचे, एक मुलगी ते सुरात मोठ्याने वाचायची, मागची पोरं तिची नक्कल करायची. पण मला एक गोष्ट दिसली आणि ती पाहून मी स्वतःवरच चिडले. मी ओरडत होते तेव्हा जेवढा गोंधळ असायचा, तेवढाच आताही होता. म्हणजे इतके दिवस माझा घसा कशासाठी गेला होता? ट्रॅक्टर आला की मी नुसती खडू खाली ठेवून उभी राहायचे. तो गेला की पुढचं लिहायचे. अभ्यास थोडा मागे पडला. आभाळ कोसळलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर सभा झाली. मुख्याध्यापक स्नेहसंमेलनाची कामं वाटून देत होते. “सूत्रसंचालन नवीन मॅडम करतील, तोपर्यंत आवाज येईलच. छोट्या मुलींचे दोन नाच त्याच बसवतील. आणि विज्ञानाचं दालन तर त्यांचंच.” त्यांनी पुढचं पान उलटलं.

पर्यवेक्षक सर म्हणाले, “मॅडमचं काही म्हणणं नाही ना?” आणि माझ्याकडे पाहून हसले. सगळेच हसले. तसा त्यात दुष्टपणा नव्हता, विनोदच होता.

मी उठले. कोपऱ्यात रोजच्या सुविचाराचा फळा होता. त्यावरचा सुविचार मी पुसला आणि लिहिलं, ‘मला हे जमणार नाही. आधीचीच कामं जास्त आहेत.’ ओळ तिरकी गेली. मग मी जागेवर येऊन बसले. तेव्हा मराठीच्या मॅडमनी चष्मा लावला आणि वर्गात धडा वाचतात तशा खणखणीत आवाजात ते वाक्य वाचून दाखवलं.

“वाचलं आम्ही,” मुख्याध्यापक म्हणाले.

सभा संपल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. “अहो, हे सगळ्यांसमोर फळ्यावर लिहायची काय गरज होती? तोंडी सांगायचं.” मी घशाकडे बोट दाखवलं. त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी टेबलावरचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. मी लिहिलं की सगळे ऑफ तास माझ्याकडेच येतात, आणि आठवी बमध्ये फवारणी चालू असताना शिकवता येत नाही.

“सगळे तुमच्याकडे?” त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. टेबलावर अनुदानाच्या कागदांचे गठ्ठे होते, त्यांच्याआड ते दिवसभर असायचे. “मग हे आधी का नाही बोललात?”

तीन वर्षांच्या अहवालावर सही त्यांचीच होणार होती आणि विचारत होतेही तेच.

पण त्यांनी दोन गोष्टी केल्या. ऑफ तास पाळीपाळीने द्यायला सांगितले, आणि आठवी बची खोली बागेपासून लांब असलेल्या चित्रकलेच्या खोलीशी बदलली. पर्यवेक्षक सर चिठ्ठ्या घेऊन सगळ्यांकडे जायला लागले, थोडे दिवस का होईना. मार्चमध्ये गाडी बरीचशी जुन्या रुळावर आली, पण तोवर माझी मान नकारार्थी हलायला शिकली होती. सूत्रसंचालन मात्र माझं वाक्य वाचून दाखवणाऱ्या मराठीच्या मॅडमच्याच गळ्यात पडलं. संक्रांतीपर्यंत त्यांनी मला भाजी वाढली नाही.

डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली, तेव्हा मी ठरवलं होतं की पहिलं वाक्य आईशी काहीतरी चांगलं बोलायचं. पण दवाखान्यातून सिटी बसने घरी येताना गर्दीत एका माणसाने त्याची पिशवी माझ्या पायावर ठेवली आणि काढेचना. “अहो, पाय आहे तो माझा,” मी म्हणाले. आवाज खाली उतरलेला, घोगरा, माझा मलाच अनोळखी. त्या माणसाने दचकून पिशवी उचलली. तो आवाज तसाच राहिला. पूर्वी मी थोडंफार गायचे, ते तर गेलंच, आणि अजूनही फोनवर परकी माणसं मला ‘सर’ म्हणतात. मी त्यांची चूक सुधारायच्या भानगडीत पडत नाही.