शेखबाईंचा रोजा आणि माझी सही

समीनाचा फोन आला तेव्हा मी केडगावच्या घरात गॅलरीत कपडे वाळत घालत होते. समीना म्हणजे आमच्या शेखबाईंची मुलगी. "मावशी, कशा आहात?" असं विचारल्याशिवाय तिचं बोलणं कधी पुढे सरकत नाही. त्या दिवशी ती नुसतं "मावशी…" म्हणाली आणि थांबली. ईद होऊन पाचसहा दिवस झाले होते. शेखबाई गेल्या, हे मला त्या थांबण्यातच कळलं. मिळेल त्या एसटीने कर्जतला पोचले तोवर त्यांना नेलेलं होतं. शेवटचं बघणं झालं नाही याचं वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. माझ्या डोळ्यांपुढे शाळेच्या ओट्यावर पदर खोचून उभ्या असलेल्या शेखबाईच राहिल्या.

कर्जत तालुक्यातल्या एका छोट्या गावात आमची दोन शिक्षिकांची शाळा होती. चार वर्ग, दोन खोल्या आणि आम्ही दोघी. पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी मनात म्हटलं, या बाईशी आपलं जमणार नाही. मी पडले बोलकी, जरा जास्तच. त्या तोलून बोलणाऱ्या. पण दोघींच्या शाळेत रुसून बसायची सोय नसते, आणि पहिल्या दिवाळीपर्यंत आम्ही एकमेकींच्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायला लागलो होतो. रमजान आला की मात्र माझी पंचाईत व्हायची. मी केंद्रप्रमुखांबद्दल काही चुरचुरीत सांगायला तोंड उघडलं की त्या वहीतून मान वर न करता म्हणायच्या, "बाई, रोजा फक्त पोटाचा नसतो. जिभेचा असतो, कानाचाही असतो." मी चिडून म्हणायचे की जीभ माझी आहे, तिला कसला रोजा? त्यावर त्या म्हणायच्या, "कान माझे आहेत ना." वर्षातला तो एक महिना आमच्या शाळेत कोणाची निंदा झाली नाही, आणि आता कबूल करते, तो महिना मला आवडायला लागला होता.

उन्हाळ्यातल्या रमजानात कर्जतचं ऊन काय असतं ते तिथल्याच माणसाला विचारावं. पत्र्याखाली बसून त्या पहिली-दुसरीची मुळाक्षरं घोटून घ्यायच्या. घसा कोरडा पडलेला असायचा, पण आवाज एक पट्टीही खाली यायचा नाही. मी म्हणायचे, जरा बसून शिकवा. "रोजा मी ठेवलाय, शाळेनं नाही ठेवला," एवढंच उत्तर. त्यांच्या भक्तीत कण्हणं नव्हतं. कोणी कौतुक केलं तर त्या विषय बदलायच्या, आणि कोणी कीव केली तर त्यांना खरंच राग यायचा.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती सांगते. शाळेत मुलांना दुपारचं जेवण मिळतं. ते वाढायच्या आधी शिक्षकाने चव घ्यायची आणि चव नोंदवहीत लिहून सही करायची, असा नियम आहे. माझे उपास भरपूर. चतुर्थी, एकादशी, मधूनच एखादा गुरुवार. त्या दिवशी चव शेखबाई घ्यायच्या. रमजानचा महिनाभर मी घ्यायचे. आमचं हे न बोलता ठरलेलं होतं. अडचण एकाच दिवशी यायची. रमजान चंद्रकोरीला सुरू होतो, त्यामुळे आमची संकष्टी नेमकी त्यांच्या सतराव्या-अठराव्या रोजाला येते. दोघीही उपाशी. शेखबाई हसायच्या, "आमचं सूर्य बुडाला की सुटतं, तुमचा चंद्र मात्र वाट बघायला लावतो." असल्या दिवशी चव कोण घेणार? मी सरळ "चव चांगली आहे" असं लिहून सही करायचे. कोंडाबाई स्वयंपाक करायच्या आणि त्यांचा हात कधी चुकत नाही, अशी मी मनाची समजूत घातलेली होती. आणि हे मी शेखबाईंना कधी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षीच्या संकष्टीला गावातल्या एका बाईने परसातले दुधी शाळेला आणून दिले. कोंडाबाईंनी ते आमटीत घातले. मला हाक मारून म्हणाल्या, "बाई, माजं नाक पार चोंदलंय, कशाची चव लागंना. आज तुमीच नीट बघा." मी हो म्हटलं. आत गेले आणि नेहमीसारखी ओळ लिहून सही केली. मुलं ताटं घेऊन रांगेत बसली होती. शेखबाई वर्गातून बाहेर आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आज तुमची संकष्टी ना? मग चव कोणी घेतली?" मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी सरळ पळी उचलली. पळीतली आमटी तळहातावर घेतली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकली. गरज असेल तर एवढं चालतं, रोजा तुटत नाही, हे त्यांनी मला पूर्वी सांगितलेलं होतं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मसाला तिखट होता, नक्की कळेना. कोंडाबाईंनी वाढायला पातेलं उचललं होतं… तेव्हा शेखबाईंनी दुधीची फोड तोंडात टाकली, चावली आणि गिळली.

"वाढू नका," त्या म्हणाल्या. "दुधी कडू आहे."

कडू दुधी विषारी असतो, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. आमटी खड्ड्यात ओतली, मुलांना केळी आणि मुरमुरे आणून दिले. अर्ध्या तासात शेखबाईंना दोनदा उलटी झाली. एका फोडीने हे झालं, तर वाटीभर आमटी प्यायलेल्या मुलांचं काय झालं असतं, हा विचार आजही माझ्या अंगावर काटा आणतो. मी रडत होते. त्यांना पाणी देत होते. त्यांनी चूळ भरली, पण पाणी प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "रोजा तुटला तरी दिवस रमजानचाच आहे. त्याचा मान संध्याकाळपर्यंत ठेवायचा. फारच वाटलं तर पिईन." मी म्हणाले की माझ्यामुळे तुमचा रोजा गेला. त्यावर त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "रोजा मी ईदनंतर एक ठेवून भरून काढीन. ते माझं आणि अल्लाहचं आहे. पण बाई, पोरं आपल्या दोघींची आहेत." मग नोंदवही मागवली. मी माझी ओळ खोडायला निघाले तर हात धरला, आणि तिच्याखाली खरं काय घडलं ते मला माझ्या अक्षरात लिहायला लावलं. रात्री चंद्र बघून मी ताटावर बसले. माझा उपास शास्त्राप्रमाणे पुरा झाला होता, आणि मला त्याची लाज वाटत होती.

शेखबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. अबोला धरला नाही, टोमणा मारला नाही. पण पुढच्या प्रत्येक रमजानात मी चव घ्यायला उभी राहिले की त्या वर्ग सोडून यायच्या आणि मी घास गिळेपर्यंत शेजारी उभ्या राहायच्या. संकष्टी असो नसो, मी रोज चाखायचे, अगदी मनापासून. तरी त्या यायच्याच. निवृत्तीपर्यंत हे चाललं. मला ते फार लागायचं. एकदा खोटं लिहिलं म्हणून ही बाई जन्मभर माझ्यावर भरवसा ठेवणार नाही का, असं सतत मनात यायचं. विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

अखेरच्या दोन वर्षांत त्यांची किडनी थकली. या रमजानात डॉक्टरांनी रोजाला साफ मनाई केली. मला वाटलं होतं, त्या ऐकणार नाहीत. भेटायला गेले तर शांतपणे चहा पीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आजाऱ्याला त्यानेच सूट दिलीय. ती नाकारणं ही भक्ती नाही, ताठा आहे." बरं होऊन रोजे भरून काढण्याची आशा नव्हती. त्यामुळे प्रत्येक रोजाच्या बदल्यात एका गरजू माणसाला दोन वेळचं पोटभर जेवण द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. मागच्या गल्लीतल्या एका एकट्या म्हातारीला सकाळ-संध्याकाळ डबा जायचा. शेवटी त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं आणि काही दिवसांचे डबे राहून गेले.

त्या गेल्यानंतर बारा-तेरा दिवसांनी मी पुन्हा कर्जतला गेले. राहिलेले डबे समीना पुरे करत होती. तिचा स्वतःचाही ईदनंतरच्या सहा रोजांपैकी एक चालू होता. गॅसवर डाळ होती, बाजूला वांग्याची भाजी, पोळ्या झाकून ठेवलेल्या. तिने पळीभर डाळ वाटीत काढली आणि माझ्यापुढे धरली.

"मावशी, मीठ बघता? अम्मीनं सांगून ठेवलं होतं, तू रोजात असशील तेव्हा मावशी आल्या तर चव त्यांनाच बघायला सांग. अम्मी म्हणाली, शाळेत त्या चाखायच्या तेव्हा मी मुद्दाम बघायला जायचे. इतकं खरं चाखणारं माणूस तिनं दुसरं पाहिलं नव्हतं म्हणे."

मी वाटी हातात घेतली. त्या दिवशी संकष्टी होती. समीनाला ते माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. डोळे भरून आले होते, तरी पोळीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला, नीट चावला आणि गिळला.

"मीठ कमी आहे गं," मी म्हणाले. समीनाने चिमूटभर मीठ घातलं, डाळ ढवळली आणि वाटी पुन्हा माझ्यापुढे केली.