टाकेमावशीला उशीर झाला

मोठ्या शर्यतींतल्या एकोणीस वर्षांत टाकेमावशीला एकदाही उशीर झाला नव्हता. शनिवारी पडलेला रायडर रविवारी सकाळी डोळे चोळत बाहेर यायचा तेव्हा त्याचा फाटलेला सूट शिवून, पुसून हँगरला लटकलेला असायचा. माणूस मोडला तरी सूट धड, अशी तिची ख्याती होती. तिचं खरं नाव ओळखपत्रावर लिहिलेलं असे, पण ते वाचायची तसदी कोणी घेत नसे. मॅनेजरपासून टायरवाल्यापर्यंत सगळ्यांची ती टाकेमावशी.

बाई ठेंगणी, अंगानं भरलेली, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. तोंड आणि सुई एकाच वेगानं चालतात, असं तिचा नवरा म्हणे, आणि ते खरंच होतं. मोटरसायकल शर्यतीचा सूट म्हणजे डोक्याखालचं अख्खं अंग झाकणारा चामड्याचा एकच कपडा. तो हातात घेतला की तिला आतला माणूस कळे. कोणाचं पोट सुटलंय, कोण वळणावर घाबरून गुडघ्यांनी टाकी आवळतो, कोण धीट दिसतो आणि घामानं अस्तर कुजवतो, हे तिला विचारावं लागत नसे. पण पोटातलं ओठांवर येऊ द्यायचं नाही, हा तिचा नेम होता. म्हणून तर भलेभले रायडर तिच्यापुढे सूट टाकून निर्धास्त निघून जायचे.

त्या वर्षी साथ आली आणि सगळ्या मोसमाचा विचका झाला. वीस शर्यतींच्या नऊ उरल्या, आणि त्याही उशिरा, बहुतेक एकीला लागून दुसरी अशा कोंबलेल्या. प्रेक्षकांना बंदी. आत कोणी जायचं याची यादी निघाली. मेकॅनिक यादीत, स्वयंपाकी यादीत, टायरवाले यादीत. शिवणारी बाई नाही. "मग फाटक्या ढुंगणानं पळवणार का गाड्या?" असं तिनं फोनवर विचारलं. पलीकडचा साहेब म्हणाला, प्रश्न रास्त आहे, पण यादी वरून आलीय.

शेवटी तोडगा निघाला तो असा, की टाकेमावशीची गाडी मागच्या फाटकाबाहेर जाळीच्या कुंपणाला लागून उभी राहील. गाडी म्हणजे जुनी व्हॅन. तिच्यात शिलाई मशीन, चामड्याचे गुंडाळे, इस्त्री, गॅसची शेगडी आणि नवरा. फाटलेले सूट फाटकातून बाहेर येतील, शिवलेले आत जातील. आत जाताना मात्र प्रत्येक वस्तूवर औषध फवारायचं आणि ती पाच तास पेटीत बंद ठेवायची. फाटकापाशी कपाटाएवढी पांढरी पेटी ठेवलेली. रविवारची शर्यत दोनला, तयारी एकपासून, म्हणजे पेटी सकाळी आठला बंद.

"आठला बंद म्हणे. त्या विषाणूला घड्याळ कळतं का?" मावशी फाटकवाल्याला म्हणाली.

फाटकवाला तोंडावर मास्क आणि त्यावर काच लावून बसलेला कडक माणूस. एका टीमच्या मॅनेजरचा स्वतःचा कोट त्यानं दोन मिनिटांच्या उशिरासाठी परत पाठवला होता. तो म्हणाला, "त्याला नसेल कळत, मला कळतं."

शनिवारी वेळ नोंदवण्याच्या फेरीत सत्तेचाळीस नंबर पडला. मावशी रायडरांना नंबरानंच ओळखे. सत्तेचाळीस हा पंचविशीतला पोरगा, ताडमाड उंच. छोट्या टीमचा, एका वर्षाच्या करारावरचा. दुसऱ्या कोणाचा सूट त्याच्या अंगाला लागत नसे. घातला तर मनगटं आणि घोटे उघडे पडायचे. त्याचे स्वतःचे सूट दोन. एक गेल्या महिन्यात पार उसवून गेला होता, आणि नवा कारखान्यातून निघून साथीच्या गोंधळात कुठल्या गोदामात पडला होता देव जाणे. म्हणजे आता उरला होता तो हा एकच. डाव्या कोपरावर आणि डाव्या ढुंगणावर घासून चकचकीत झालेला. मेकॅनिकनं तो घाईघाईनं गोळा करून फाटकात आणून टाकला, तेव्हा रायडर आत डॉक्टरांना खरचटलेली डावी बाजू दाखवत होता.

मावशीनं दुपारी तो टेबलावर पसरला. डावीकडचं काम सरळ होतं: घासलेलं चामडं कापायचं, नवा तुकडा लावायचा, दुहेरी शिलाई. चारच्या सुमारास ते उरकलं. मग सवयीनं तिनं अस्तरावरून हात फिरवला आणि उजव्या खांद्यापाशी हात थांबला.

तिथं आत काहीतरी मऊ होतं. अस्तर कोणीतरी उसवून परत शिवलेलं, तेही घरगुती निळ्या दोऱ्यानं आणि टाके असे की बघवत नव्हते.

"अहो, हे बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "यानं दुसरी गाठलीय. आणि गाठली तीही अशी, जिला सुई धरता येत नाही."

खरं तर तिला चांगलंच झोंबलं होतं. सहा वर्षं ती या पोराचे सूट शिवत होती. त्याची मांडी कुठं काचते आणि मान कुठं अडते हे तिला त्याच्या आईपेक्षा जास्त माहीत. आणि हा गडी आपला बाहेर काम देतो. बराच वेळ ती त्या अनोळखी बाईच्या नावानं बोटं मोडत टाके उसवत राहिली. आतून भांडी घासायच्या स्पंजचे दोन तुकडे निघाले, एकावर एक ठेवलेले, आणि खालचं संरक्षक पॅड तेवढ्याच जागी कातरलेलं.

मग तिनं चष्मा लावून टाके नीट पाहिले. सगळे उलट्या बाजूला झुकले होते. डाव्या हातानं घातलेले. पण डावखुरा माणूस टाके घालतो ते झुकले तरी एकसारखे असतात; हे धडपडत होते. ज्याला उजवा हात आहे पण वापरता येत नाही, त्याचे हे टाके होते. पोरानं स्वतःच शिवलं होतं. कॉलरबोनच्या बरोब्बर वर.

तिचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं सुई दोऱ्याच्या रिळात खोचली आणि फोन केला. संध्याकाळी सहा वाजता सत्तेचाळीस नंबर कुंपणाच्या आतल्या बाजूला येऊन उभा राहिला, मास्क लावून.

"हात वर कर," ती म्हणाली.

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

"माप आहे की तुमच्याकडे."

"वर कर म्हटलं ना."

त्यानं डावा हात वर केला.

"तो नव्हे. दुसरा."

उजवा हात छातीपर्यंत आला आणि थांबला. त्यानं मान खाली घातली.

"घरी सायकलवरून पडलो, मावशी. अकरा दिवस झाले. आमच्याकडचे डॉक्टर म्हणाले हाडाला तडा गेलाय. सहा आठवडे म्हणाले."

"आणि इथल्यांना?"

"इथल्यांना सांगितलं की ते बसवणार. राखीव रायडर बॅग भरून बसलाय. दोनच शर्यती उरल्यात, उद्याची आणि तीन आठवड्यांनंतरची. पुढच्या वर्षाच्या कराराचं अजून कोणी नावही काढलेलं नाही."

"उद्या उजवीकडे पडलास तर?"

"नाही पडत."

"मग आज काय लोळायला गेला होतास?"

तो हसला नाही. जाळीत बोटं अडकवून म्हणाला, "तुम्ही आजवर कोणाचं काही सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं."

"मग?"

"जा, जेवून घे," मावशी म्हणाली. "सकाळी बघू."

व्हॅनमध्ये नवरा बटाटे सोलत होता, डाव्या हातानं. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. केस विंचरायचे तर मान वाकवून डोकं हातापाशी न्यावं लागतं, आणि शर्ट तिला चढवावा लागतो. सव्वीस वर्षांपूर्वी तोही छोट्यामोठ्या शर्यतींत गाडी चालवायचा. एकदा खांदा मोडला, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याला परत उतरायचं होतं. सुटात हात घालवेना. तेव्हा या बाईनं, जी तोवर पिशव्या आणि गाड्यांच्या सीटा शिवायची, रात्रंदिवस डोकं लढवून सुटाची काख उसवली आणि तिथं ताणणाऱ्या कापडाची पट्टी बसवली. हात वर न नेता तो आत जायला लागला. सगळ्यांनी वाहवा केली. त्या शर्यतीत तो त्याच खांद्यावर पडला. आणि तशीच काख मला शिवून द्या म्हणत बाकीचे तिच्या दारात येऊ लागले. तिचा धंदा तिथून सुरू झाला, हे ती कोणाला सांगत नसे.

तिनं त्याला पोराचं सगळं सांगितलं. त्यानं बटाटा खाली ठेवला.

"दे त्याला सूट. नीट पॅड घालून दे. अंग त्याचं, निकाल त्याचा."

"आणि मोडून घेतलं तर?"

"मी मोडून घेतलं. रडत बसलो का?"

"डॉक्टरांना फोन करू का?"

"केलास तर त्याचं करिअर संपलं. दुखणं लपवलं म्हणून टीम त्याला हाकलेल, आणि पुढे तुझ्याकडे एकही रायडर सूट टाकणार नाही." तो म्हणाला ते अगदी बरोबर होतं, आणि म्हणूनच तिला जेवण गेलं नाही.

सकाळी साडेसहालाच ती टेबलाशी बसली. नवं पॅड कापलं, बसवलं, अस्तर शिवलं. सव्वासातला काम संपलं. सूट पुसून, इस्त्री लांबूनच फिरवून हँगरला लावला. मग फाटकाकडे जायचं सोडून तिनं तो परत काढला, मांडीवर घेतला आणि खुर्चीत बसून राहिली.

नवऱ्यानं चहा दिला. साडेसात झाले. फाटक पन्नास पावलांवर होतं. पावणेआठला सत्तेचाळीस कुंपणापाशी येऊन उभा राहिला. त्याला व्हॅनचं उघडं दार दिसत होतं, दारातली ती दिसत होती, मांडीवरचा सूटही. आधी त्यानं हाक मारली. मग हातानं खुणा केल्या. मग त्यालाही कळलं असावं, कारण त्यानं हात खाली घेतला आणि नुसता बघत राहिला. तिनं नजर चुकवली नाही. पण तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि कपातला चहा तसाच गार झाला होता.

"मावशी, पेटी लावतोय," फाटकवाल्यानं आठला आवाज दिला.

ती सव्वाआठला सूट घेऊन गेली.

"सव्वाआठ," फाटकवाला म्हणाला.

"हो का? अगबाई. दोरा गुंतला होता."

खोटं बोलण्यात ती अगदीच कच्ची होती, पण फाटकवाल्याला दोऱ्याशी कर्तव्य नव्हतं. सत्तेचाळीसच्या टीमचा मॅनेजर धावत आला. त्यानं विनवण्या केल्या, मग आवाज चढवला. फाटकवाल्यानं वरच्या साहेबांना फोन लावला आणि वरच्या साहेबांनी तोच नियम शब्दन्‌शब्द वाचून दाखवला. सूट हँगरवर, एकही टाका कमी नसलेला, फाटकाबाहेरच राहिला.

"एकोणीस वर्षं, मावशी," मॅनेजर कुंपणाआडून म्हणाला. "आणि आजच?"

"चूक झाली साहेब. माझीच."

"मला आता पुढच्या वर्षी दुसरी व्यवस्था बघावी लागेल."

"बघा," ती म्हणाली.

दहापर्यंत बातमी आतल्या सगळ्या टीमांत पोचली. टाकेमावशीला उशीर झाला. एका मेकॅनिकनं फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना, वय झालंय आता, डोळे तपासून घ्या. तिला फार वाईट वाटलं. नाव कमवायला तिला एकोणीस वर्षं लागली होती आणि घालवायला पंधरा मिनिटं पुरली. तिनं फोन उपडा ठेवला आणि दुसऱ्या कोणाचा तरी हातमोजा शिवायला घेतला.

बाराच्या सुमारास सत्तेचाळीस परत कुंपणाशी आला. राखीव रायडर त्याच्या गाडीवर बसणार हे ठरलं होतं.

"साहेबांना मी काही सांगितलं नाही," तो म्हणाला.

"मीही नाही."

"मला तुमचा राग आलाय."

"येऊ दे. तीन आठवडे हात गळ्यात बांधून ठेव. आणि स्पंज परत लावशील तर निदान सरळ टाके घाल."

तो गेला. आभार त्यानं मानले नाहीत, आणि तिनंही ती अपेक्षा धरली नव्हती.

दोनला शर्यत सुटली. रिकाम्या स्टँडांमुळे आवाज स्वच्छ येत होता, प्रत्येक गिअर बदलल्याचा सुद्धा. नवराबायको व्हॅनच्या पायरीवर बसून ऐकत होती. सातव्या फेरीत लांबच्या वळणावर दोन-तीन इंजिनं एकदम किंचाळली आणि गप्प झाली. लाऊडस्पीकरवरून कळलं, तिघं एकमेकांत अडकून पडले, तिघंही उठून चालत गेले. राखीव रायडर त्यात नव्हता. तो सोळावा आला.

 नवरा मान वाकवून डोकं हातापाशी नेत होता, केस सारखे करायला.

"एक विचारू?" तो म्हणाला. "माझ्या वेळी तुला उशीर का नाही झाला?"

आदल्या दिवशी अंग त्याचं, निकाल त्याचा, असं म्हणणारा हाच माणूस. सव्वीस वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. मावशीनं हातमोजा खाली ठेवला.

"तुम्ही मागत होतात," ती म्हणाली, "आणि मला द्यायला आवडत होतं."